टीवायची ऑरगॅनिक प्रिपरेशन्स अर्ध्या ग्रॅमवर आणावीत का?

खडूफळा
टीवाय (तिसऱ्या वर्षाच्या) बीएस्सीच्या बऱ्याच जर्नलांत अ‍ॅस्पिरिनच्या प्रिपरेशनला, म्हणजे लॅबमध्ये ते बनवण्याच्या प्रयोगाला, अजूनही ५ ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं. एवढा माल प्रत्येकाला देणं आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजला परवडत नाही. मग चौघांचा एक गट होतो. एकजण करतो, दुसरा मदतीला उभा राहतो, उरलेले दोघे रीडिंग उतरवून घेतात. तीन वर्षं केमिस्ट्री शिकूनही कित्येक मुलांनी स्वतःच्या हाताने एकही पदार्थ बनवलेला नसतो, आणि हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं असं: सगळी सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात होणारी) प्रिपरेशन्स अर्ध्या ग्रॅमवर आणा, पण प्रत्येकाला एकट्याने करू द्या. मोठ्या परीक्षानळीत अर्धा ग्रॅम सॅलिसिलिक अ‍ॅसिड, १ मिली अ‍ॅसेटिक अनहायड्राइड, फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब. नळी १५ मिनिटं गरम वॉटर बाथमध्ये, मग थंड पाणी घालून बर्फात. काचकांडीने आतली भिंत घासली की स्फटिक धरायला लागतात. हिशेबाने ०.६५ ग्रॅम मिळायला हवं, ०.४ मिळालं तरी मेल्टिंग पॉइंट आणि फेरिक क्लोराइड टेस्ट करून भरपूर उरतं. मेल्टिंग पॉइंटच्या कॅपिलरीत (बारीक काचनळीत) जातात दोन-चार मिलिग्रॅम! जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड शिल्लक आहे, हे मुलाला स्वतःच्या नळीत दिसलं पाहिजे, शेजाऱ्याच्या नाही.

अनहायड्राइड नियंत्रित रसायनांत मोडतं, त्याची कागदपत्रं सांभाळावी लागतात. कमी लागलं तर तोही ताप कमी.

लोटेकर
साफ असहमत. मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत प्रॉडक्शनला आहे. तुमची मुलं पास होऊन आमच्याकडेच येतात, नाहीतर महाडला, कुरकुंभला, तारापूरला. त्यांना उष्णतेची भीती माहीत नसते. परीक्षानळीत नायट्रेशन (नायट्रिक अ‍ॅसिडची, खूप तापणारी अभिक्रिया) केलं की उष्णता काचेतून लगेच निघून जाते, थर्मामीटर हलतसुद्धा नाही. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली की आतला माल हजारपट होतो आणि थंड करणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. हे ज्याच्या अंगात मुरलेलं नाही, तो रिअ‍ॅक्टरवर अ‍ॅसिडचं डोसिंग घाईत उरकतो. ड्रॉपिंग फनेलमधून थेंब थेंब सोडणं, पारा चढला की कॉक बंद करणं, ही सवय कॉलेजातच लागायला हवी.

मिरजकर_निवृत्त
लोटेकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं. एवढ्याशा मालावर रीक्रिस्टलायझेशन, म्हणजे गरम सॉल्व्हंटमध्ये विरघळवून पुन्हा स्फटिक करून माल शुद्ध करणं, शिकवता येत नाही. क्रूडमधलं (अशुद्ध मालातलं) अर्धं फिल्टर पेपरला चिकटतं, अर्धं पाण्यात जातं. मुलगा हिरमुसतो, मग शेजाऱ्याचं प्रॉडक्ट आणून दाखवतो.

खडूफळा
मिरजकर सर, पाण्यात जाण्याचा दोष स्केलचा (किती मालावर करतो त्याचा) नाही. अ‍ॅसिटॅनिलाइड घ्या. उकळत्या १०० मिली पाण्यात ते साधारण ५ ग्रॅम विरघळतं, गार झाल्यावर अर्धा ग्रॅम त्यातच राहतं. म्हणजे १० टक्के गेले. अर्धा ग्रॅम १० मिलीत विरघळवलं तरी ०.०५ ग्रॅमच राहणार, पुन्हा १० टक्केच. बिघडतं कुठे, तर मुलं वॉश बॉटल दाबून अंदाजाने ४० मिली ओततात तिथे. मग ०.२ ग्रॅम गाळलेल्या पाण्यातून सिंकमध्ये. पाच ग्रॅमच्या बॅचला अशी धार थोडी जास्त झाली तर खपून जाते, अर्ध्या ग्रॅमला लगेच अंगाशी येते. माझ्या मते चांगलं शिक्षण हेच! कमीत कमी गरम सॉल्व्हंट का, ते फळ्यावर शंभरदा लिहूनही कळत नाही.

फिल्टर पेपरला चिकटण्याचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. त्यासाठी मोठं बुखनर फनेल (गाळणी) सोडून छोटं हर्श फनेल घ्यावं लागेल.

लोटेकर, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पण ५ ग्रॅमच्या फ्लास्कमधूनही रिअ‍ॅक्टर कळत नाही. चौघांतल्या एकाच्या हातात कॉक असतो, बाकीचे खिडकीबाहेर बघतात. त्यापेक्षा वर्षातून एकदा शिक्षकाने मोठ्या बॅचचं प्रात्यक्षिक दाखवावं आणि मुलांनी दर मिनिटाचं तापमान ग्राफवर उतरवावं.

टीवाय_कोल्हापूर
मी सध्या टीवायला आहे. आमच्या लॅबचा एक्झॉस्ट आवाज करतो, हवा ओढत नाही. ब्रोमिनेशनच्या (अ‍ॅसिटॅनिलाइडला ब्रोमीन जोडण्याच्या) दिवशी डोळे चुरचुरतात. स्केलवर बोलताय, पण लिक्विड ब्रोमीनच कशाला? केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ग्रीन केमिस्ट्रीच्या प्रयोगांची पुस्तिका काढली आहे, त्यात पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरून हाच पॅरा-ब्रोमोअ‍ॅसिटॅनिलाइड करतात.

लोटेकर
त्याचा हिशेब करून बघ ताई. सेरियम एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून एका ब्रोमीनमागे दोन मोल (रेणूंच्या मोजणीचं एकक) लागतात. एक मोल ५४८ ग्रॅम. म्हणजे १३५ ग्रॅम अ‍ॅसिटॅनिलाइडसाठी जवळजवळ ११०० ग्रॅम सेरियमचं मीठ, आठपट! धूर नाही हे खरं, पण ते सगळं सेरियम ड्रेनमध्ये जाणार. आम्ही असा रूट मांडला तर ईटीपीवाले (सांडपाणी शुद्ध करणारे) आम्हाला उभं करणार नाहीत.

खडूफळा
हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यायला हवा, फार मोलाचा आहे. आणि म्हणूनच अर्धा ग्रॅम! ५ ग्रॅमला ४० ग्रॅम सेरियम लागेल, अर्ध्याला ४. तेवढं बाटलीत वेगळं साठवता येतं. ताई, तुझे डोळे चुरचुरतात हे एकच कारण मला पुरेसं आहे. अमेरिकेत बोडन कॉलेजने १९८० च्या दशकात मायक्रोस्केलकडे (अगदी थोड्या मालावरच्या प्रयोगांकडे) वळायचं ठरवलं, तेही लॅबमधल्या हवेसाठीच.

मिरजकर_निवृत्त
बेंझॉइन बनवायला आम्ही सायनाइड वापरायचो, आता थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. तो बदल मी मनापासून स्वीकारला. स्केलचा स्वीकारायला तयार नाही, आणि कारण तराजू. ग्रामीण कॉलेजात दोन दशांश स्थळांचा तराजू असतो. उद्या कोणी शंभर मिलिग्रॅमवर आणेल, तेव्हा १० मिलिग्रॅमच्या फरकाने यील्ड (मिळालेल्या मालाचं प्रमाण) दहा टक्के हलेल.

खडूफळा
शंभरवर न्यायचंच नाही, सर. अर्ध्या ग्रॅमला तोच फरक दोन टक्के, तो चालतो.

लोटेकर
एक सांगा. युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) येतो, वॉच ग्लासवरचा ढीग बघतो आणि मार्क देतो. तिथे चिमूटभर पांढरी पावडर घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाचं काय? मार्कांची योजना आधी बदलून घ्या. मेल्टिंग पॉइंट आणि शुद्धतेला जास्त, वजनाला कमी. ते झालं तर मी अ‍ॅस्पिरिनला हो म्हणेन. नायट्रेशन मात्र ५ ग्रॅमवरच राहू द्या, थर्मामीटर आत बुडवून.