मदत हवी आहे: घरचा टीव्ही आणि प्रवास, दोन्हीला चालेल असं ओटीटी कुठलं?

मंडळी, जरा सल्ला हवाय. आईला स्टार प्रवाहच्या मालिका लागतात म्हणजे जिओहॉटस्टार आलंच, बाबांचं झी मराठी झी५ वर आणि मला नेटफ्लिक्स हवंय, तिन्ही घेतली तर खर्च फार होतो. नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅन स्वस्तय पण तो फक्त मोबाईल नि टॅबवर चालतो, टीव्हीवर नाही, क्वालिटी पण ४८०पी, अर्थात फोनवर तेवढी पुरते असं माझं मत.

खरा प्रश्न प्रवासाचाय. आम्ही कोकण रेल्वेने गावी जातो, रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला की रेंज गायब, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत बसतं आणि आई विचारते, "पुढे काय झालं गं?" म्हणून घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवायचंय. पण नेटफ्लिक्सवर काही डाउनलोड एकदा बघायला घेतले की ४८ तासांत एक्स्पायर होतात, बाकीच्यांचं कसंय? मालिकांचे एपिसोड नेट बंद असताना नीट चालतात का, आणि जाहिरातीवाल्या स्वस्त प्लॅनमध्ये डाउनलोड मिळतं का? जे रोज वापरतात त्यांनी प्लीज सांगा, गणपतीच्या आधी ठरवायचंय.