अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये शाफ्टच्या मधल्या पट्ट्यात बॅकवॉल (समोरच्या भिंतीवरून परतणारा इको) उतरतो, पण दोषाचा इको नाही. शाफ्ट रिजेक्ट करायचा का?

अंबड_क्यूसी
जॉब: ईएन १९ (क्रोम-मॉली मिश्र स्टील) फोर्ज्ड शाफ्ट, रफ टर्निंग झालेला, व्यास १२० मिमी, लांबी ९०० मिमी, नॉर्मलाइझ केलेला (तापवून हवेत थंड केलेला). प्रोब २४ मिमी, ४ मेगाहर्ट्झ, सरळ. रेंज (पडद्यावर दिसणारी खोली) व्ही-१ कॅलिब्रेशन ब्लॉकच्या २५ मिमी जाडीवर लावून २५० मिमी ठेवली आहे. दोन्ही टोकांना बॅकवॉल ८० टक्क्यांवर स्वच्छ येतो. मधल्या ३०० मिमी पट्ट्यात तो २० टक्क्यांपर्यंत उतरतो आणि खाली गवत (बारीक इकोंचा गोंगाट) वाढतं. मध्ये कुठेही ठळक इको नाही. पुरवठादार म्हणतो ग्रेन (स्टीलचे कण) मोठे आहेत, गिऱ्हाईक म्हणतं दोष आहे. कोणाचं खरं धरायचं?

गेन८०
आधी प्रोब बदला. १२० व्यासावर २४ मिमीचा सपाट प्रोब एका रेषेवरच टेकतो. कडेला जवळजवळ १.२ मिमी फट राहते. ती ग्रीसने भरलेली असते आणि प्रोब किंचित डुलला तरी बॅकवॉल खाली-वर होतो. १० मिमीच्या प्रोबला हीच फट ०.२ मिमी आहे. शिवाय २४ मिमी, ४ मेगाहर्ट्झचं निअर फील्ड (प्रोबजवळचा, आवाजाचा दाब एकसारखा नसलेला भाग) स्टीलमध्ये ९७ मिमीच्या आसपास संपतं, म्हणजे तुमचा बहुतेक जॉब त्यातच आहे. तिथे इकोच्या उंचीवरून दोषाचं माप काढता येत नाही. १० मिमीला ते १७ मिमीवर संपतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी ४ मेगाहर्ट्झच ठेवून १० मिमीचा प्रोब लावा. मग त्याच आकाराचा २ मेगाहर्ट्झ घ्या. प्रत्येक वेळी चांगल्या टोकाला बॅकवॉल ८० टक्क्यांवर आणायचा, गेनला (सिग्नल वाढवण्याच्या सेटिंगला) हात न लावता मधल्या पट्ट्यात यायचं आणि पडलेले डीबी (डेसिबल) लिहायचे. ८० वरून २० म्हणजे १२ डीबी. प्रोबखाली तेल नको, आत्ताच्या उन्हात ते गोल जॉबवरून ओघळतं, ग्रीस लावा. पट्ट्यावर स्केल किंवा टूलचे खोल ओरखडे असतील तर आधी काढा.

सिन्नर_फोर्ज
वरच्या पद्धतीला पुढे जोडतो. शाफ्ट फिरवून ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर तेच माप घ्या. ग्रेनमुळे असेल तर सगळीकडून घसरण साधारण सारखी येते. एखाद्याच दिशेने बॅकवॉल गायब होत असेल तर आडवा-तिरका दोष समजा: त्याच्या पृष्ठावरून आवाज भलतीकडे जातो, प्रोबकडे परत येत नाही, म्हणून इको दिसत नाही आणि मागे फक्त सावली उरते.

आवाजाच्या लाटेची लांबी ग्रेनपेक्षा बरीच मोठी असते तोवर ग्रेनवरून होणारं विखुरणं फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने वाढतं. २ वर आलात की ते सोळाव्या हिश्शावर येतं. तिथे बॅकवॉल परतला आणि गवत बसलं तर पुरवठादाराचं म्हणणं खरं. असं मधेच होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टोकं ठोकून ओढताना मधला भाग नुसता तापलेला राहिला, त्याला घाव मिळाले नाहीत. ग्रेन वाढले, मोडले नाहीत. उपाय म्हणजे ८७० अंशांच्या आसपास पुन्हा नॉर्मलायझिंग, दर २५ मिमी जाडीला एक तास या हिशेबाने पाचएक तास, आणि मग त्याच चार दिशांनी पुन्हा टेस्ट.

गोदाकाठ_युटी
‘ग्रेन आहेत’ एवढ्यावर जॉब पास करू नका, ही कळकळीची विनंती. नोंदवायची पातळी समजा ३ मिमी सपाट तळाच्या छिद्राच्या इकोएवढी आहे. गवत त्या पातळीच्या किमान ६ डीबी खाली नसेल तर ३ मिमीचा दोष त्यात बुडलेला असू शकतो. तो भाग चांगलाही नाही आणि वाईटही नाही, तो तपासलेलाच नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहा.

२ मेगाहर्ट्झवर गवत बसल्यावर मध्यभागी बारीक, टोकदार इकोंचा पुंजका उभा राहिला तर हायड्रोजन फ्लेक्सचा (स्टीलमध्ये अडकलेल्या हायड्रोजनमुळे पडलेल्या बारीक भेगांचा) संशय घ्या. नॉर्मलायझिंगने ते बुजत नाहीत. असा जॉब थांबवा आणि त्याच हीटचे (एकाच वितळणीतले) बाकीचे शाफ्टही बाजूला काढा.

परिघावरून बघताना १५६ आणि २०० मिमीच्या आसपास इको येतील. ते गोल जॉबचेच असतात, व्यासाच्या १.३ आणि १.६७ पट. बॅकवॉलनंतर येतात, सोडून द्या. टोकावरून लांबीने बघाल तेव्हा ९०० नंतर सुमारे ९१ मिमीच्या अंतराने शेपटी दिसेल, ती बाजूच्या भिंतीवर लाटेचा प्रकार बदलल्यामुळे. ९०० च्या आधी एखादा इको जागा बदलत असेल तर पल्स रिपिटिशन (सेकंदाला किती पल्स सुटतात ते) कमी करून बघा. भुताटकीचा (आधीच्या पल्सचा उशिरा आलेला) इको असेल तर तो सरकतो किंवा जातो, खरा दोष जागचा हलत नाही.

अंबड_क्यूसी
१० मिमीचे दोन्ही प्रोब लावून पाहिले. ४ वर घसरण ९ डीबी, २ वर २ डीबी, चारही दिशांनी जवळपास सारखी. पुंजका नाही. पृष्ठाखालच्या पहिल्या १० मिमीचं काय करू?

गोदाकाठ_युटी
तिथे एकाच क्रिस्टलचा प्रोब आंधळा असतो. टीआर प्रोब (पाठवणारा आणि घेणारा क्रिस्टल वेगळा असलेला) घ्या, ४ मेगाहर्ट्झ, दोन क्रिस्टलमधली रेघ शाफ्टच्या लांबीला आडवी ठेवा. फेऱ्या किमान १५ टक्के एकमेकींवर चढू द्या, वेग सेकंदाला १५० मिमीच्या आत. पट्टा पुन्हा नॉर्मलाइझ करून आला की हेही परत करावं लागेल, म्हणून आत्ताचे आकडे पट्ट्याच्या सुरुवातीपासूनच्या मिमी अंतरासह लिहून ठेवा.