आरव्हीतला मुक्काम आणि घरचा बॅकअप: एकच जनरेटर कोणता घ्यावा?

रानमुक्काम
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी जुनी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली. आतापर्यंत वीजजोडणी असलेल्या तळांवरच राहिलो. आता जोडणी नसलेल्या जागी तीन-चार दिवस राहायचं मनात आहे. आरव्हीत छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी, मायक्रोवेव्ह, पंप, दिवे आणि दोन लॅपटॉप आहेत. फ्रिज गॅसवरही चालतो.

दुसरी गरज घरची. वादळात लाइट गेली की कधी कधी दहा-बारा तास येत नाही. तेव्हा फ्रिज आणि आईचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) चालायलाच हवा.

दुकानदार ५,५०० वॉटचा उघड्या सांगाड्याचा जनरेटर दाखवतोय. त्याच पैशांत इन्व्हर्टर जनरेटर घेतला तर जेमतेम २,२०० वॉटचा येतो. मोठा आकडा बघून मोह होतोय. जाणकारांनी सांगावं.

तारजोड
खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा. तो बहुतेक वेळा काही क्षणांपुरत्या कमाल शक्तीचा असतो. सलग किती वॉट मिळतात ते यंत्रावरच्या पट्टीवर बघा. उदाहरणार्थ, होंडाच्या ईयू२२आयची कमाल २,२०० वॉट, पण सलग १,८०० वॉटच.

तुमच्या यादीत खरा प्रश्न फक्त एसीचा आहे. चालू झाल्यावर तो १,५०० वॉटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त मागतो. तिथे छोटा जनरेटर दमतो आणि बंद पडतो. एसीला सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं छोटं उपकरण) लावलात तर हा झटका बराच कमी होतो आणि २,२०० वॉटवर एसी उचलला जाण्याची चांगली शक्यता असते. एसी सुरू करण्याआधी जनरेटरचा इको मोड (लोड कमी असताना इंजिन मंद ठेवणारी सोय) बंद करा. मंद फिरणाऱ्या इंजिनाला अचानक आलेला लोड पेलता येत नाही.

मायक्रोवेव्ह एसीबरोबर चालणार नाही हे धरून चला. त्याच्यावर १,००० वॉट लिहिलेलं असलं तरी ती अन्नाला मिळणारी शक्ती. प्लगमधून तो १,५०० वॉटपर्यंत खेचतो.

दरीकाठ
वर सगळं आलंय, फक्त उंचीचं राहिलं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पेट्रोल इंजिनाची शक्ती साधारण ३.५ टक्क्यांनी घटते. २,००० मीटरवर जवळजवळ पाव शक्ती गेलेली असते. आम्ही डोंगरात हे न मोजता गेलो आणि पहिल्याच दुपारी एसी सुरू होईना.

शांतवारा
उघड्या सांगाड्याचा जनरेटर मुक्कामाला नेऊ नका, ही कळकळीची विनंती. त्याचं इंजिन एक दिवा लावा नाहीतर दहा, ठरलेल्या वेगानेच फिरतं, म्हणजे साधारण मिनिटाला ३,००० किंवा ३,६०० फेरे. वीज ५० हर्ट्झची हवी की ६० ची, यावर तो वेग ठरतो. इन्व्हर्टर प्रकारात वीज आधी डीसी (एकाच दिशेची) करून मग पुन्हा घरात असते तशी उलटसुलट वाहणारी वीज तयार होते, त्यामुळे लोड कमी झाला की इंजिन मंदावतं. आवाज कमी, पेट्रोल कमी आणि वीजही स्वच्छ. लॅपटॉपला आणि आईंच्या यंत्राला ती स्वच्छ वीजच हवी.

डेसिबलचा आकडा वाचताना तो किती लोडवर आणि किती अंतरावरून मोजलाय तेही बघा. जाहिरातीतला आकडा बहुधा पाव लोडवरचा असतो. रात्री जंगलात बसलेल्या शेजाऱ्याला पूर्ण लोडचा आवाज ऐकू येतो.

रानमुक्काम
धन्यवाद सगळ्यांना. मग २,२०० वॉटचे दोन घेऊन जोडले तर? घरी मात्र केबल भिंतीतल्या सॉकेटला लावून फ्रिज चालवेन असा विचार होता.

तारजोड
दोन जोडणं उत्तम, फक्त दोन्ही समांतर जोडता येणारे हवेत आणि कंपनीचाच जोडसंच वापरा. सलग ३,६०० वॉट मिळतील. ३,५०० वॉटचं एकच यंत्र बहुधा चाळीस किलोच्या पुढे जातं. हे प्रत्येकी एकवीस किलोच्या आसपास, म्हणजे एकटा माणूस उचलू शकतो. एक बिघडला तर दुसरा हाताशी राहतो.

पण सॉकेटमध्ये उलटी वीज सोडण्याचा विचार आत्ताच्या आत्ता सोडा. ती मीटरमधून बाहेरच्या तारांवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी वाढते आणि लाइन दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरच्या लाइनला किंवा जनरेटरलाच जोडणारा) बसवून घ्या. तो होईपर्यंत जाड तारेच्या एक्स्टेंशनने फ्रिज थेट जनरेटरला जोडा.

आणखी एक. बऱ्याच छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो. आरव्हीतलं सुरक्षायंत्र ते दोष समजून वीज आत घेत नाही. जनरेटर खराब निघाला असं समजून परत करू नका, आधी हे तपासा.

उशाशीदिवा
आईंच्या कॉन्सन्ट्रेटरबद्दल लिहिते, माझ्या घरीही हेच यंत्र होतं. जनरेटर बाहेर काढून सुरू करेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, आणि रात्री पावसात तर जास्तच. तेवढा वेळ त्यांना थांबवता येणार नाही. मध्ये बॅटरीचं पॉवर स्टेशन (वीज साठवून ठेवणारा, प्लग लावता येणारा डबा) हवंच. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं यंत्र साधारण ३५० वॉट घेतं. १,००० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन घेतलं तर तूट धरूनही सुमारे अडीच तास मिळतात. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवा आणि किती प्रवाह ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि जनरेटर कधीही घरात, गॅरेजमध्ये, व्हरांड्यात किंवा आरव्हीच्या छपराखाली लावू नका. दार उघडं ठेवलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दारंखिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, धुराचं तोंड उलट दिशेला. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आरव्हीतही आणि घरातही. शेजारच्या गाडीचा धूर तुमच्या खिडकीतून येऊ शकतो हेही लक्षात असू द्या.

दरीकाठ
जनरेटर सपाट जागी ठेवा. उतारावर तेल पुरेसं असूनही ते कमी असल्याचं समजून तो बंद पडतो. पेट्रोल भरताना बंद करून गार होऊ द्या. महिनाभर वापर नसेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, जुनं पेट्रोल आत चिकट थर धरतं. पहिलं तेल वीस तासांनंतर बदला.

रानमुक्काम
ठरलं. आधी सॉफ्ट स्टार्टर, २,२०० वॉटचा एक इन्व्हर्टर जनरेटर आणि १,००० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन. उन्हाळ्यात एसी उचलला नाही तर तसाच दुसरा घेऊन जोडेन. अलार्म आजच मागवले. @उशाशीदिवा, सिलिंडरचं आमच्या डोक्यातच नव्हतं. उद्या आईच्या डॉक्टरांना विचारतो.