'डिडन्ट'नंतर 'वेन्ट' का नाही?

'आय डिडन्ट वेन्ट'मध्ये नेमकं काय चुकतं, असं तुम्ही विचारलंय. डिडन्टनंतर क्रियापदाचं पहिलं रूप, हा नियम कुणीतरी सांगितलाच आहे. पण ही चूक का होते, ते बघायला हवं.

आपण म्हणतो, 'मी गेलो नाही'. भूतकाळ 'गेलो'मध्ये असतो, 'नाही' नुसतं मागे येऊन बसतं. म्हणून जीभ 'वेन्ट'कडे वळते. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'नेच दाखवून झालेला असतो, त्यामुळे 'गो' जसंच्या तसं राहतं. मराठीतही असं आहे की! 'मी जात नव्हतो', 'ती जात नव्हती', 'ते जात नव्हते'. बदल सगळा 'नव्हतो'त, 'जात' हलत नाही. शिकवणीतल्या मुलांना मी हेच फळ्यावर लिहून दाखवते, आणि त्यांना ते पटतं.

'हॅडन्ट'ला मात्र तिसरं रूप लागतं: 'आय हॅडन्ट गॉन', म्हणजे 'मी गेलो नव्हतो'.

आणखी एक. 'डिडन्ट' लिहिताना अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर दिलेली स्वल्पविरामासारखी खूण, एन आणि टीच्या मधे द्यायची, कारण 'नॉट'मधला ओ तिथून गळलाय. वह्यांमध्ये ती डी आणि एनच्या मधे घुसलेली सारखी दिसते. ही सवय पाचवी-सहावीतच मोडा, पुढे फार जड जातं.