मदत हवी: शाळेच्या हरितगृहात काकडीला फुलं भरपूर, फळ एकही नाही

खानापूर_विज्ञान
आठवीच्या मुलांनी लावलेले काकडीचे 24 वेल सुतळीवर छान चढलेत. रोज फुलं येतात, रोज गळतात. काही ठिकाणी बोटाएवढी काकडी दिसते, ती टोकाकडून पिवळी पडून सुकते. बोरॉन फवारून झालं, फरक नाही. परीक्षेला 3 आठवडे राहिलेत, त्याआत मुलांना फूल ते फळ दाखवायचंय. कुठलं औषध मारू, तेवढं लवकर सांगा.

चिकोडी_मळा
औषधाचं नंतर बघू सर. हरितगृह पॉलीचं (प्लास्टिक कागदाचं) की शेडनेटचं (सावलीच्या जाळीचं)? बाजूंना काय लावलंय? बियाणं कुठलं? वेल किती दिवसांचे? आणि गळतात ती नर फुलं की मादी? नर फूल बारीक देठावर येतं आणि उमलून गळतंच, त्याची काळजी नको. मादी फुलाच्या मागे इवलीशी लवदार काकडी असते.

निपाणीकर
नत्र जास्त झालंय. युरिया बंद करा, ठिबकमधून 0:0:50 (पोटॅशचं खत) सोडा.

चिकोडी_मळा
पाला न बघता खत कसं सांगता ओ? बोटाएवढी काकडी पिवळी पडतेय म्हणजे मादी फुलं येताहेत, पण पराग पोचत नाही. पोटॅशनं पराग पोचणार आहे काय?

खानापूर_विज्ञान
6 बाय 4 मीटर, वर 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, चारी बाजूंना 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) बारीक जाळी, दार कायम बंद. बियाणं खडेबाजारातलं साधं पाकीट. 45 दिवस झाले. दुपारी थर्मामीटर 44 दाखवतो.

चिकोडी_मळा
हे आधीच सांगायचं होतं की! ही जाळी पांढरी माशी अडवायला लावतात, तिच्यातून मधमाशी कुठून शिरणार? साध्या वाणाला मधमाशी लागतेच. आता मुलांच्या हातानं करा. सकाळी 7 ते 9 मध्ये, त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. एका मादीला 2-3 नर वापरा. पराग कमी पडला तर काकडी वाकडी होते, एका टोकाला बारीक राहते. 10 फुलं अशी करा, 10 मादी फुलं आदल्या संध्याकाळी कापडी पिशवीत बांधून तशीच ठेवा. फरक मुलांना आठवड्यात दिसेल, काढणीलाही 8-12 दिवस पुरतात.

बेळगाव_पॉलीहाऊस
एवढा खटाटोप कशाला? पार्थेनोकार्पिक बियाणं लावा, परागाशिवायच फळ धरतं.

चिकोडी_मळा
विकायला लावायची तर बरोबर. पण मुलांना परागीभवन शिकवायचंय, तिथं परागच नको असलेला वाण कशाला? शिवाय नवीन वेलाला फूल यायला महिना लागतो, परीक्षा उरकलेली असेल.

निपाणीकर
एक लक्षात ठेवा, तंबाखू हाताळलेल्या हातानं आत जाऊ देऊ नका. तंबाखूतल्या विषाणूनं पानांवर मोझॅक, म्हणजे हिरवे-पिवळे चट्टे, येतो. साबणानं हात धुवा.

बेळगाव_पॉलीहाऊस
तो विषाणू मुख्यतः टोमॅटो-मिरचीला त्रास देतो, इथं प्रश्न काकडीचा आहे. पण हात धुणं चांगलंच. सर, थर्मामीटर उन्हात टांगलाय का? कागदाखाली थेट ऊन लागलं की आकडा फुगतो. वेलाच्या उंचीवर, वरून थर्माकोलची पांढरी प्लेट लावून बघा. खरंच 40 च्या वर असेल तर पराग निकामी होतो, मग हातानं लावूनही उपयोग नाही. जाळीवर बाजूनं कागद सोडलेला असेल तर तो सकाळी 9 लाच वर गुंडाळा, छताला 50 टक्के शेडनेट टाका.

खानापूर_विज्ञान
थर्मामीटर उन्हातच होता. प्लेट लावल्यावर दुपारी 37. आज सकाळी 7:30 ला 6 मादी फुलं केली, लाल दोरा बांधलाय.

चिकोडी_मळा
दोरा देठाला आवळू नका, काकडी जाड होताना देठ कापला जातो. बोट जाईल एवढा सैल ठेवा, आणि चिठ्ठीवर तारीख पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई दवानं पसरते.