‘अमेरिकन ब्युटी’ झाडीपट्टीत उभं राहील का?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पडद्याआडून
माझं म्हणणं सरळ आहे: १९९९चा ‘अमेरिकन ब्युटी’ हा इंग्रजी सिनेमा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या, मंचावर बसवता येतो आणि चालूही शकतो. न पाहिलेल्यांसाठी गोष्ट अशी. लेस्टर बर्नहॅम, वय ४२, एका मासिकात १४ वर्षं नोकरी. बायको कॅरोलिन घरं विकते, मुलगी जेन बापाशी बोलत नाही. हा मुलीच्या मैत्रिणीवर, अँजेलावर, भाळतो. नोकरीवरून काढायची वेळ येते तेव्हा वरच्या साहेबाचं लफडं बाहेर काढायची धमकी देऊन वर्षभराचा पगार उकळतो, बर्गरच्या दुकानात काम धरतो, १९७०ची फायरबर्ड गाडी घेतो. शेजारचा कर्नल फिट्स त्याला गोळी घालतो. आपण मरणार, हे लेस्टर सुरुवातीलाच सांगून टाकतो.

आपल्याकडे असं उपनगर कुठं, असं कोणी म्हणेल. ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, कोणत्याही गावाबाहेरचे लेआऊट बघा. एनए प्लॉट, कर्जाचं घर, चारी बाजूंनी कंपाउंड, लोखंडी गेट. शेजारी कोण राहते हे वीजबिल चुकून आलं तरच कळते.

वैनगंगेकाठी
लेआऊट आहे, कबूल. पण नाटक लेआऊटात होत नाही ना भाऊ. ते होते मंडईच्या जत्रेला, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला). घराघरांत पाहुणे उतरलेले असतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि रात्री दहानंतर अख्खं घर चादरी घेऊन मंडपात. समोर माय, लेक, व्याही एकाच सतरंजीवर. तिथं चाळिशी पार केलेला नायक लेकीच्या शाळकरी मैत्रिणीकडे पाहून पाघळते, हे दाखवलं की दुसऱ्या अंकात त्याचा खलनायक झालाच. सिनेमात तो ऐनवेळी थांबतो. ते थांबणं पहाटे तीनला येईल, तोवर लोकांनी त्याला मनातून उतरवून टाकलेलं असते. आणि उतरवलं तर चूक काय?

सेवापुस्तक
अँजेलाचं नंतर बघा, आधी नोकरीचं बघा. लेआऊटातला नायक म्हणजे जिल्हा परिषदेचा मास्तर नाहीतर पंचायत समितीचा बाबू. तो ४२व्या वर्षी नोकरी सोडत नाही, कारण त्याला ते परवडत नाही. स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा लागते, वर तीन महिन्यांची नोटीस. तेविसाव्या वर्षी लागला असला तरी ४२ला १९च भरतात. राजीनामा दिला तर मागची सेवा जाते. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांचा तर पेन्शनचा हिशोबच वेगळा. आणि साहेबाला धमकावून वर्षाचा पगार? खासगी मालक मिटवामिटवी करून पैसे देईल, सरकारी साहेबाच्या हातात असा पैसा कुठून? तो चौकशी लावेल आणि याला निलंबित करेल. म्हणजे नायकाचं वय ४६ करा, नाहीतर त्याला पतसंस्थेत टाका. तिथं संचालकाचं लफडंही बसते आणि पैसाही.

पडद्याआडून
पतसंस्था एकदम बरोबर. घेतली.

अँजेलाबद्दल: ती काढली तर कणाच जाईल. पण वय वाढवता येते. संस्थेत नवीन लागलेली कारकून, पंचविशीची. लाजिरवाणं तरीही राहते, फक्त लोक उठून जाणार नाहीत. गुलाबाच्या पाकळ्यांचं स्वप्नही जमते. झालरीमागे जाळीची झोळी, एका टोकाला ओढदोरी. पाकळ्या झेंडूच्या नको, ओल्या झाल्या की गोळाच पडतो. लाल पतंगी कागद कापा, अर्धा किलो पुरे.

वैनगंगेकाठी
पंचविशीची केली की ते नुसतं ऑफिसातलं लफडं झालं. त्याची पन्नास नाटकं आधीच फिरून राहिली आहेत. सिनेमाची बोचणी लेकीच्या डोळ्यांत आहे, बापाच्या नाही. तुम्ही लेकीलाच बाहेर काढलं.

माहेर साकोली
तुम्ही दोघंही बाईला विसरले. कॅरोलिनला सिनेमानं निम्मं हसण्यावारी नेलं आहे, आणि बदल करायचाच तर तिथं करा. तिचा एक प्रसंग बघा: आज हे घर विकूनच दाखवते म्हणते, अंगावरचे चांगले कपडे काढून ठेवते, आतल्या कपड्यांवर काचा, ओटा, पंख्याची पाती पुसते. गिऱ्हाईक येतात, नाकं मुरडून जातात. मग ती पडदे ओढून रडते, स्वतःच्याच थोबाडीत मारते, आणि डोळे पुसून बाहेर निघते. आपल्याकडे ती लेआऊटचे प्लॉट विकणारी करा. कमिशन इसारावर अडलेलं, सातबाऱ्यावर भावाचं नाव निघालेलं, गिऱ्हाईक म्हणते ‘मिस्टरांना पाठवा’. ही बाई मंडपातल्या प्रत्येक बाईला कळेल. नवऱ्याचं दुःख पगार चालू असताना सुरू होते, हिचं पगार थांबल्यावर.

पेटीमास्तर
मले शंका आवाजाची आहे. हा सिनेमा कुजबुजीवर चालते. जेवणाच्या टेबलावर दोन टोकांना नवरा-बायको, मधात लेक, समोर गुलाबाची फुलदाणी, आणि कॅमेरा हळूहळू जवळ जाते. कॉनरॅड हॉलला छायाचित्रणाचं ऑस्कर उगाच नाही भेटलं. आपल्याकडे माईक वरून टांगलेले. टेबलाच्या टोकावर बसलेला नट माईकपासून पाच-सहा फूट दूर. हळू बोलला तर मागं जनरेटरच ऐकू येते, आवाज वाढवला तर माईक शिट्टी मारते. टेबल चार फुटांचं ठेवा आणि बरोबर दोन माईकच्या खाली लावा. थाळी भिंतीवर फेकायचा क्षण मात्र आयता आहे, स्टीलची थाळी वाजते झकास.

दुसरं, गाण्याशिवाय अंक ओढत नाही. थॉमस न्यूमनचं संगीत मारिम्ब्यावर (लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर) ठेका धरते, ते ऑक्टोपॅडवर निघेल. पण विनोदी नट कुठं घालणार?

पडद्याआडून
विनोदी नट म्हणजे शेजारच्या कर्नलचा पोरगा. आणि शेवटची गैरसमजाची जागा त्याच्यातूनच काढायची. सिनेमात कर्नल खिडकीतून आपला पोरगा आणि लेस्टर पाहते, दोन खिडक्यांच्या मधात भिंत येते, आणि त्याले भलतंच दिसते. मंचावर पांढरं मांजरपाट ताणा, मागं दिवा. नायक खुर्चीत मागं रेललेला, पोरगा पुढं वाकून पन्नीवर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटत आहे. सावलीत पुढं-मागं कळत नाही, दोघं एकमेकांत मिसळतात. आधी पूर्ण उजेडात खर्रा दाखवून घ्या, मगच सावली. म्हणजे लोकांना खरं माहीत, कर्नलला नाही.

दिवा कापडापासून दहा-बारा फूट मागं, नट कापडाला चिकटून. नट दिव्याकडे सरकला की सावली राक्षसाएवढी होते आणि कडा फाटतात. मध्यरात्रीनंतर दवानं कापड लोंबते, खालून बांबू बांधा.

वैनगंगेकाठी
खर्रा भारी आहे, मानलं. यावर मंडप हसेल, आणि पुढच्या दहा मिनिटांत खून आहे. हसता हसता गोळी, ही उडी आपल्या लोकांना नवीन नाही. मग एक सुचवतो. मूळ पटकथेत जेन आणि कर्नलचा पोरगा, या दोघांवर खुनाचा खटला चालतो. ते चित्रीत झालं होतं, दिग्दर्शक सॅम मेंडिसनं संकलनात काढलं. आपण ते परत घाला. कोर्टाचा सीन म्हटलं की पहाटेही कोणी झोपत नाही.

माहेर साकोली
तोच तर घोळ होईल. कोर्ट आलं की सगळे ‘खून कोणी केला’ यावर येतात, आणि प्लॉट विकणारी बाई फक्त साक्षीदार उरते. मेंडिस स्वतः रंगभूमीवरचा माणूस, हा त्याचा पहिला सिनेमा, तरी त्यानं काढलं.

पेटीमास्तर
कोर्ट ठेवा की काढा, पण मेल्याचं निवेदन पहिल्या प्रवेशात नका टाकू. दहाची वेळ लिहिली तरी साडेअकरापर्यंत माणसं येतच राहतात. नांदी, एक नाच, मग निवेदन. दुसऱ्या अंकाच्या तोंडाला परत एकदा.