टर्बो पेट्रोल: पुस्तकात १२० पीएस, डायनोवर १०१. टर्बो गेला का? सल्ला हवा आहे

सुटा_नट
मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. सेकंडहँड घेतलेली गाडी आहे. १ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, ६०,००० किमी झालेली. कंपनीच्या पुस्तकात १२० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) लिहिलंय. परवा मित्राच्या नादी लागून डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र) चढवली. लागोपाठ तीन रन मारले: १०१, ९७, ९२ एचपी. मित्र म्हणतो टर्बो गेला. डायनोवाला म्हणतो रिमॅप करा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदला), सगळं भरून निघेल. रोज चालवताना मला काही जाणवत नाही, फक्त ओव्हरटेक करताना ५००० आरपीएमच्या वर गाडी दमल्यासारखी वाटते. टर्बो बदलू, रिमॅप करू की गप्प बसू?

चौथा_गिअर
गप्प बसा :) १०१ हा आकडा चाकांवरचा आहे. कंपनीचा आकडा क्रँकवरचा (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचा), म्हणजे इंजिन बाहेर काढून बेंचवर मोजलेला. मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर सगळे आपला वाटा खातात. सरळ १५ टक्के वजा करा, हिशोब जुळतो.

जुना_स्पॅनर
जुळतो खरा, पण '१५ टक्के' हा काही निसर्गनियम नाही हो. फ्रंट व्हील मॅन्युअल गाडी १० ते १५ टक्क्यांत भागवते, फोर व्हील ड्राइव्ह २०च्या पुढेही जाते. पट्टे किती आवळलेत, टायरमध्ये हवा किती, यावरही आकडा हलतो. शिवाय पीएस आणि एचपी एक नव्हेत. १२० पीएस म्हणजे ११८.४ एचपी. अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

सुटा_नट, मला तुमच्या १०१ची चिंता नाही. मला खटकतोय तो १०१ ते ९२ हा उतार. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. इंटरकूलर ती थंड करतो, पण त्यासाठी समोरून वारा लागतो. रस्त्यावर तो फुकट मिळतो, डायनोवर एका पंख्याच्या भरवशावर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या रनला इंटरकूलर नुसता तापलेला डबा होतो. आत गरम हवा गेली की नॉक (इंधनाचा अवेळी भडका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो आणि पॉवर पडते. यात बिघाड काही नाही, इंजिन स्वतःला वाचवतंय. दोन रनमध्ये किती वेळ थांबला होतात? बॉनेट उघडं होतं का?

आणि ग्राफ टाका. नुसत्या सर्वोच्च आकड्यावरून निदान म्हणजे नाडी न बघता औषध.

सुटा_नट
थांबलो कुठे, तो एकामागोमाग एक मारत होता. बॉनेट बंद. पंखा होता, पण रेडिएटरच्या एका बाजूला. ग्राफचा फोटो धड येत नाहीये. टॉर्क ४५०० पर्यंत पुस्तकाप्रमाणे सपाट आहे, तिथून पुढे घसरगुंडी.

कोरा_कागद
डायनोच्या कागदाच्या कोपऱ्यात 'एसएई' किंवा 'करेक्शन फॅक्टर' (हवामानाप्रमाणे आकडा सुधारणारा गुणक) असं काही छापलंय का? टर्बोवाल्यांना इथेच गंडवलं जातं. एसएई जे१३४९ या मानकानुसार मोजलेली पॉवर २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या दाबाला आणून ठेवतात. साध्या इंजिनाला हे योग्यच आहे, कारण विरळ हवेत ते खरंच मार खातं. टर्बो गाडीत मात्र ईसीयू वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) बंद ठेवून मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बराचसा राखतो, म्हणजे नुकसान आधीच भरून काढलेलं असतं. त्यावर सॉफ्टवेअर पुन्हा गुणतं.

उदाहरण: उंचावर दाब ८३ किलोपास्कल, तापमान २५. सूत्राने गुणक येतो जवळपास १.२३. चाकांवर मोजले १५०, कागदावर छापले १८४! रिमॅपच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या कागदावर हा गुणक वेगवेगळा असला, तर नुसत्या हवामानावर पाच-सात घोडे वाढलेले दिसतात.

सुटा_नट
करेक्शन १.०२ लिहिलंय. म्हणजे फार गडबड नाही.

घोडेवाला
मी उलटी बाजू मांडतो. कंपन्या कमीही सांगतात! जपानी कंपन्यांनी २००४ पर्यंत आपसातल्या समझोत्याने २८० पीएसच्या वर आकडा जाहीर करायचा नाही, असं ठरवलं होतं. १९८९ची स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८०चीच. हल्लीची गोष्ट म्हणजे २०२० मॉडेलची टोयोटा जीआर सुप्रा, जाहीर आकडा ३३५ एचपी. डायनोवर चढवली तर चाकांवरच जवळपास तेवढे भरले. त्या हिशोबाने सुटा_नट यांचे १०१ कमीच वाटतात मला.

जुना_स्पॅनर
घोडेवाला, सुप्रातलं बीएमडब्ल्यूचं तीन लिटर सहा सिलिंडरी इंजिन आणि हे तीन सिलिंडरचं पिल्लू एका तागडीत नको. त्या इंजिनाची ख्यातीच तशी आहे, सगळ्यांना तो नियम लागत नाही.

सुटा_नट, '४५०० पर्यंत सपाट, पुढे घसरण' हे महत्त्वाचं बोललात. टर्बो खरंच गेला असता तर खालचा टॉर्कही गेला असता, निळा धूर किंवा शिट्टी आली असती. मला बूस्ट लीकचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गळण्याचा, संशय येतो. बारीक गळती असली की ईसीयू टर्बोला जास्त पळवून दाब राखतो, म्हणून खालच्या आरपीएमला कळत नाही. वर हवा जास्त लागते, तिथे टर्बोचा दम संपतो. रिमॅप आत्ता अजिबात नको, दमलेल्या टर्बोला अजून पळवाल.

इंटरकूलरच्या दोन्ही टोकांचे रबरी होज बघा. क्लॅम्पजवळ तेलकट, धूळ चिकटलेला काळा पट्टा दिसला तर तिथेच गळतंय. स्पार्क प्लगचा गॅपही (ठिणगीची फट) मोजून घ्या, तो वाढलेला असला तर बूस्टमध्ये ठिणगी विझते.

चौथा_गिअर
आणि डायनोवर पुन्हा जाऊच नका. रिकामा सपाट रस्ता, तिसरा गिअर, ८० ते १०० किमीचा वेळ जीपीएसवर घ्या. स्पीडोमीटर नको, तो जास्त दाखवतो. दोन्ही दिशांनी तीन-तीनदा, मग सरासरी. माणसासकट वजन सांगा, गणित मी करतो.

सुटा_नट
चार दिवसांनी आलो, क्षमस्व. आधी वेळ घेतला: सरासरी ३.३ सेकंद, वजन १३०० किलो. मग खाली वाकून बघितलं. इंटरकूलरच्या गरम बाजूच्या होजवर हुबेहूब तोच काळा पट्टा! मेकॅनिकने पाईपात थोडी हवा भरून साबणाचं पाणी सोडलं तर क्लॅम्पखालून फेसाचे फुगे. क्लॅम्प अर्धा कड्याबाहेर बसला होता. नवा टाकला. आता २.९.

चौथा_गिअर
८० ते १०० मध्ये १३०० किलोला लागणारी ऊर्जा साधारण १,८०,६०० जूल. ३.३ सेकंदांनी भागलं तर ५४.७ किलोवॅट. हवेचा रोध, टायर आणि फिरणारे भाग यांचे अंदाजे १३ मिळवा, झाले ६७-६८, म्हणजे ९२ पीएस. २.९ ने तेच १०२. दोन्ही चाकांवरचे आणि त्या टप्प्याची सरासरी, सर्वोच्च आकडा याहून थोडा वर असणार. माझे '१५ टक्के' मागे घेतो, आणि 'गप्प बसा' पण.

घोडेवाला
आता रिमॅप? ;)

सुटा_नट
आधी प्लग. चारही... नाही, तीनही काढून बघतो या रविवारी.